डावा पाय थकलाय

“हे हार्डकोअर न्हाई. आईशप्पथ न्हाई,” असं म्हणत अभिनंदननं टेपचं बटण दाबलं आणि गाणं मध्येच तोडलं.

“बंद कशाला केलास? वाजू दे की,” यासीन म्हणाला.

“ऐकायचं काय राहिलंय त्यात? सरळसरळ डेथ मेटल आहे. ड्रम ऐकलास न्हवं?”

“ऐकला. पण गाणं पावणेदोन मिनिटांत संपतंय, भावा. तुझे डेथ मेटलवाले पावणेदोन मिनिटं नुसती गिटार जुळवत बसतात.”

मी हसले. अभिनंदननं माझ्याकडं रागानं बघितलं आणि कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावली. त्या दुपारची ती सहावी खेप होती.

ही इचलकरंजीतली गोष्ट आहे, वीसेक वर्षांपूर्वीची. मी टेक्स्टाइल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. अभिनंदन चौगुले आणि यासीन मोमीन माझ्याच वर्गातले. अख्ख्या कॉलेजात असलं संगीत ऐकणारे आम्ही तिघंच. म्हणजे आमचं एकमेकांशी पटायला हवं होतं, पण तिघांत आमचे चार पक्ष होते. अभिनंदन मेटलवाला. त्याला गिटारची करामत लागायची, एका गाण्यात आठ वेळा ताल बदलला की त्याचा चेहरा देवदर्शन झाल्यासारखा व्हायचा. यासीन हार्डकोअरवाला. त्याच्या मते तीन सूर, एक राग आणि समोर ओरडायला चार माणसं एवढ्यावर गाणं होतं, बाकी सगळी सजावट. बाहेरच्या माणसाला दोन्ही सारखंच वाटायचं. दोन्हीकडं गिटार करवतीसारखी चालते, ड्रम अंगावर येतो आणि गाणारा घसा फाडून ओरडतो. माझी आई दोन्हीला मिळून ‘कुत्र्यांचं भांडण’ म्हणायची. पण आम्हाला त्यातला फरक म्हणजे घराण्यांचा फरक होता. त्यात पुन्हा पोटभेद होते, थ्रॅश, डूम, ग्राइंडकोअर, मेटलकोअर, आणि एकेका पोटभेदावर आम्ही आठवडा आठवडा काढलेला होता.

हे सगळं ऐकायला गावात जागा नव्हती. अभिनंदनच्या घरी आजोबा दिवसातून तीनदा सामायिकाला, म्हणजे जैनांच्या ध्यानाला, बसायचे, यासीनकडं बहिणीचं तान्हं बाळ होतं आणि आमचं घर दीड खोलीचं. शेवटी कारखाना सापडला. माझे वडील, अण्णा, बत्तीस मागांच्या एका कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे मागाचा डॉक्टर. माग अडला, धोटा उडाला, ठोका चुकला की जॉबरला हाक. सुट्टीच्या वारी सगळे माग बंद असत तेव्हा अण्णा एकटेच जाऊन कुरकुरणारे माग खोलून बसत. पुढच्या बाजूला सूत ठेवायची एक खोली होती. तिथं आम्ही टेप आणि अभिनंदनच्या मंडपवाल्या मामानं टाकून दिलेले दोन थोरले स्पीकर मांडले. अण्णांना त्रास होईल ही काळजीच नव्हती. तीस वर्षं मागांत काढून त्यांचे कान गेलेले होते. समोर उभं राहून, ओठ मोठे हलवून बोललं तर त्यांना कळायचं. पाठीमागून हाक मारून उपयोग नव्हता.

मी त्यांच्याशी फारसं बोलायचे नाही. जेवायला वाढलंय, चावी कुठं आहे, लाइट बिल आलंय, एवढंच. लहानपणी मी काही सांगायला गेले की ते मान हलवायचे आणि दुसरीकडं बघायचे. मग मी सांगायचंच सोडून दिलं. माणूस अबोल आहे, कडक आहे, असं मी धरून चालले होते.

तर ती कॅसेट. अभिनंदनच्या बंगळुरात शिकणाऱ्या मावसभावानं ती पाठवली होती. वर कव्हर नाही, बँडचं नाव नाही, नुसतं पेन्सिलीनं ‘डेमो’ लिहिलेलं. आत पाच गाणी. ऐकायला भन्नाट होती, ते तिघांनाही मान्य होतं. भांडण होतं ते ही गाणी कुणाची यावर, मेटलची की हार्डकोअरची. आणि या वेळी त्याला कारणही होतं. दोन महिन्यांवर कॉलेजचं गॅदरिंग आलेलं. अभिनंदन आणि यासीनला स्टेजवर बँड उतरवायचा होता, अभिनंदनची गिटार आणि यासीनचा गळा. ड्रमर गावात मिळत नव्हता. अभिनंदनचं म्हणणं, कॉम्प्युटरवर ड्रम तयार करू आणि तेच स्टेजवर वाजवू. यासीनचं म्हणणं, मेलो तरी नाही.

“हे बघ,” अभिनंदन त्या दिवशी म्हणाला, “यातला ड्रम मशीनचा आहे. इतकं जलद माणूस वाजवू शकत न्हाई. खालच्या थोरल्या ड्रमवर दोन्ही पाय बघ कसे चाललेत, शिवणाच्या मशीनगत. ह्यांनी मशीन लावलंय न्हवं? मग आपण लावलं तर काय बिघडलं?”

“मशीन असंल तर ही कॅसेट मी ऐकणारच न्हाई,” यासीन म्हणाला. “हार्डकोअर म्हंजे खोलीत माणसं पाहिजेत. घाम पाहिजे. मशीनला घाम येतोय व्हय?”

“मग हे हार्डकोअर न्हाई. मान्य कर.”

“हार्डकोअर हाय आणि माणूसच वाजवतोय!”

“ऐकलंय का कधी माणसाला असं वाजवताना?”

“मला माणूस वाटतोय,” मी म्हणाले.

दोघांनीही माझ्याकडं बघितलं. “का?” अभिनंदननं विचारलं.

मला कारण सांगता येईना. काहीतरी होतं, गाणं संपत आल्यावर एक जागा अशी यायची की माझं अंग आपोआप पुढं झुकायचं, पडणाऱ्याला सावरायला झुकतं तसं. हे मी त्यांना कसं सांगणार? “असंच वाटतंय,” म्हणाले.

“असंच वाटतंय!” अभिनंदन म्हणाला. “उज्जू, तुझ्याकडं किल्ली आहे म्हणून तू हितं आहेस. त्यातलं काय कळतंय तुला?”

आता तो बोलून गेला आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं असणार, कान लाल झाले त्याचे. पण शब्द गेला होता. मी काही म्हणायच्या आत यासीनच उठला. आपल्या कॅसेटी एकेक करून पिशवीत टाकायला लागला.

“चाललास कुठं?” अभिनंदन म्हणाला.

“तू आणि तुझा कॉम्प्युटर उभं राहा स्टेजवर. मला गायचं न्हाई.”

“जा की! कुणाला गरज पडलीय!”

दोघं समोरासमोर उभे राहिले. यासीननं पिशवी खांद्याला लावली, अभिनंदननं ती धरून ओढली, पट्टा तुटला, कॅसेटी फरशीवर पसरल्या. मी मध्ये शिरले. इतक्यात दारात अण्णा दिसले. हातात पाना, दंडापर्यंत ग्रीस.

“काय चाललंय?” त्यांचा आवाज नेहमीच मोठा असायचा, स्वतःचाही नीट ऐकू येत नसल्यासारखा. “भांडालाय व्हय रे?”

दोघं झटकन बाजूला झाले. यासीन कॅसेटी गोळा करायला खाली वाकला. मी अण्णांच्या समोर गेले आणि ओठ मोठे करून म्हणाले, “काही न्हाई अण्णा. गाण्यावरनं वाद चाललाय.”

“कुठल्या गाण्यावरनं? हे मगापासनं लावलेलं?”

मी चमकले. “तुम्हाला ऐकू येतंय?”

“हे येतंय की,” ते म्हणाले आणि स्पीकरकडं पान्यानं बोट केल्यासारखं केलं. “आत मागापाशी बसलं तरी फरशीतनं येतंय. काय वाद हाय?”

मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी सांगितलं. आमच्याकडं पोरीसुद्धा मी आलो, मी गेलो असंच बोलतात. तशीच मी बोलले. “हा दोन्ही पायांनी ढोल वाजवणारा माणूस आहे का मशीन, ह्यावर भांडतोय आम्ही. मी म्हणतो माणूस. अभिनंदन म्हणतोय मशीन.”

अण्णांनी पाना खिडकीत ठेवला, चिंधीला हात पुसले. “लाव परत.”

अभिनंदननं कॅसेट मागं घेतली. अण्णा खाली बसले आणि उजव्या हाताचा तळवा त्यांनी थोरल्या स्पीकरच्या फळीवर टेकवला. बंद माग सुरू करून बघताना ते त्याच्या लाकडावर तळवा ठेवायचे, तसाच. गाणं सुरू झालं. त्यांचे डोळे मिटलेले. संपल्यावर ते म्हणाले, “परत.” दुसऱ्यांदा झालं. “परत.” तिसऱ्या वेळी त्यांचा डावा पाय फरशीवर हळूहळू हलायला लागला, आणि माझं अंग जिथं पुढं झुकायचं बरोबर त्या जागी त्यांनी डोळे उघडले.

“माणूस हाय,” अण्णा म्हणाले.

“कशावरनं, काका?” अभिनंदननं विचारलं. मग त्याच्या लक्षात आलं आणि समोर येऊन, हात हलवून पुन्हा विचारलं.

“डावा पाय थकलाय त्याचा. सुरवातीला दोन्ही सारखे पडतात. शेवटाला डावा मागं राहतोय, केसभर. मग त्याला कळतंय. दात खाऊन परत जाग्यावर आणतोय. दोनदा आणलाय.” त्यांनी तळवा फळीवरून काढला. “मशीन थकत न्हाई, बाळा. मशीन बिघडतंय. आणि बिघडलं की आपलं आपण जाग्यावर येत न्हाई, जॉबरला बोलवायला लागतंय.”

यासीननं अशी आरोळी ठोकली की बाहेरच्या पिंपळावरची पाखरं उडाली असतील. “माणूस! म्हणलो न्हवतो? हार्डकोअर!”

“माणूस असला म्हणून हार्डकोअर होत न्हाई!” अभिनंदन ओरडला, पण आता तो हसत होता. “मेटलमधी काय भुतं वाजवतात?”

“म्हंजे काय?” अण्णांनी मला विचारलं. “हार… काय?”

आणि मग ती दुपार सुरू झाली. अण्णांना हे समजावून सांगायचं म्हणजे बोलून भागत नव्हतं, वाजवून दाखवायला लागायचं. अभिनंदननं त्याची डेथ मेटल लावली, यासीननं त्याचं हार्डकोअर लावलं, मी माझी डूमची आवडती कॅसेट काढली, जिच्यात एकेक ठोका बैलगाडीच्या चालीनं पडतो. प्रत्येक वेळी अण्णा तळवा टेकवायचे आणि डोळे मिटायचे. डूमवर ते खूश झाले. “हे जाड कापड. ताडपत्री. ठोका जड, पण घाई न्हाई.” अभिनंदनच्या गाण्यावर म्हणाले, “हे डॉबीचं काम हाय. नक्षी लई. विणणारा हुशार, पण कापड अंगाला लागंल का न्हाई, सांगता येत न्हाई.” अभिनंदनचं तोंड पडलं. यासीनच्या गाण्याला म्हणाले, “मांजरपाट. धुतलेलं न्हाई, रंगवलेलं न्हाई. कुणीबी घालावं.” यासीननं वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

“आणि हे?” मी ती डेमोची कॅसेट पुढं केली. “हे कुठलं?”

अण्णांनी ती पुन्हा ऐकली. बराच विचार केला. “सूत मांजरपाटाचं हाय,” ते म्हणाले, “पण विणलंय डॉबीवर.”

“म्हणजे क्रॉसओव्हर!” आम्ही तिघंही एकदमच ओरडलो, आणि मग लगेच त्याच्यावरनं भांडायला लागलो, कारण क्रॉसओव्हर म्हटलं तरी त्यात मुळात मेटल किती आणि हार्डकोअर किती हा प्रश्न राहतोच. अण्णा एकेकाच्या तोंडाकडं बघत, ओठ वाचत, भिंतीला टेकून बसले होते. खोललेला माग त्या दिवशी तसाच पडून राहिला.

जाताना अभिनंदन माझ्या सायकलपाशी घुटमळला. “उज्जू, मगाशी मी चुकलो.”

“व्हय, चुकलास,” मी म्हणाले. “डेथ मेटल न्हवतंच ते.”

संध्याकाळी आई भाकरी थापत होती. मी तिला सगळं सांगितलं, अण्णांनी कसा तळवा ठेवला, कसा डावा पाय ओळखला. मला वाटलं ती हसेल. तिचा हात थांबला. भाकरी परातीतच राहिली.

“ऐकलं म्हणालीस? सगळं ऐकलं?”

“व्हय. परत परत लावायला सांगत होते. तीन तास बसले.”

आईनं भाकरी उचलून तव्यावर टाकली आणि म्हणाली, “भजनी मंडळात जायचे ते, तुला आठवतंय का?”

मला अंधूक आठवत होतं. मी चौथी-पाचवीत असेन. मग जाणं बंद झालं. कामाचा ताप वाढला, असं घरात सगळ्यांना सांगितलं होतं.

“कामाचं काय न्हवतं,” आई म्हणाली. “एकदा एकादशीला भजनातनं मधीच उठून आले. मी विचारलं काय झालं. म्हणाले, टाळ दिसतात, पण वाजत न्हाईत.” तिनं पदरानं डोळे टिपले, पण ती हसतही होती. “बारीक आवाज आधी गेला म्हणे. पेटी गेली, टाळ गेले, बायकांचं बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाला जाड आवाज तेवढा राहील. आता जाड आवाजाचं भजन कुठनं आणायचं? तेव्हापासनं त्यांनी गाणं म्हणून काय ऐकलं न्हाई. आणि तू म्हणतीस तीन तास…”

तव्यावरची भाकरी करपली. मी ती उतरवली आणि तशीच उभी राहिले. बायकांचं बोलणं गेलं. माझा आवाज तर लहानपणी अगदी चिरका होता, शाळेत बाई त्याला शिट्टी म्हणायच्या. मी सांगायला जायची आणि ते मान हलवायचे. मला वाटायचं, त्यांना ऐकायचं नाही.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, पण रडूही आलं नाही. पुढची सुट्टी कधी येते असं मात्र झालं.

सुट्टीच्या वारी आम्ही तिघं पोचलो तेव्हा सुताची खोली झाडून ठेवलेली होती. चार रिकामी पोती बसायला अंथरलेली होती. अण्णा आत मागापाशी काम करत नव्हते, तर स्पीकर उलटा करून त्याच्या सैल झालेल्या फळीचे स्क्रू पिळत होते. “आवाज फुटत होता,” ते म्हणाले. “आता बघा.”

अभिनंदननं बंगळुरला फोन लावून सगळी खबर आणली होती. ती तो वाटेत कुणाला सांगेना. अण्णांच्या समोर बसून, हातवारे करत त्यानं सांगितली. “काका, माणूसच आहे. मावसभावाच्या कॉलेजचाच पोरगा. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी बसमधनं उतरताना त्याचा पाय मुरगळला होता.”

“डावा?” अण्णांनी विचारलं.

“डावा.”

अण्णांनी मांडीवर थाप मारली. इतक्या मोठ्यानं हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. यासीन तर जागेवर नाचायला लागला.

“आणि प्रकार कुठला?” मी विचारलं. “मेटल का हार्डकोअर? ते काय म्हणतात स्वतःला?”

अभिनंदननं डोकं खाजवलं. “त्यावरनंच त्यांचं एकमत होईना. गेल्या महिन्यात बँड मोडला.”

यावर आम्ही हसलो की नाही सांगता येत नाही, कारण पुढच्या मिनिटाला आम्हीच पुन्हा जुंपलो होतो. या वेळी अण्णाही उतरले. त्यांना आठवडाभर तेच डोक्यात घोळत असणार. डेमोतलं दुसरं गाणं त्यांनी लावायला सांगितलं आणि जाहीर केलं की हे शुद्ध मांजरपाट आहे, यात डॉबीचा एक धागा नाही. यासीन त्यांच्या बाजूनं. अभिनंदन विरुद्ध. मला अण्णांचं अजिबात पटलं नव्हतं. त्या गाण्यात मध्ये अर्धं मिनिट ताल पूर्ण बदलतो, आणि तो बदल कुठल्याही हार्डकोअरवाल्याचा नव्हता. पण अण्णांची माझ्याकडं पाठ होती. ते यासीनच्या तोंडाकडं बघत, बोट नाचवत, भांडत होते.

“अण्णा!” मी म्हणाले. काही नाही. “अण्णा, मधलं बघा की!” काही नाही. माझा तो बारीक आवाज सुताच्या पोत्यांत जिरून गेला.

यासीन तो जाड आवाज कसा काढतो, हे मी वर्षभर बघत आले होते. घशातनं नाही, पोटातनं. छाती सैल सोडायची, आणि आवाज वर न ढकलता खाली पाडायचा. एकटी असताना मी करून बघितलं होतं, पण चारचौघांत कधीच नाही. पोरीच्या जातीनं असला आवाज काढायचा म्हणजे काय! मी पोटात श्वास भरला, छाती सोडली आणि माझ्या अंगात जेवढा म्हणून खर्ज होता तेवढा खाली उतरवला.

“अण्णा! चुकताय तुम्ही!”

खोली हादरली. अभिनंदनच्या हातातनं कॅसेट पडली. यासीनचं तोंड उघडंच राहिलं. अण्णांचं बोट हवेत थांबलं. मग ते सावकाश वळले. माझ्या ओठांकडं त्यांनी बघितलंच नाही, सरळ डोळ्यांत बघितलं.

“काय चुकलो?” ते म्हणाले. “सांग की. परत सांग. असंच सांग.”

आणि मी सांगायला लागले.